रायफलीची पकड, प्रत्याघात व गोळीचा वेग

रायफलीची पकड, प्रत्याघात व गोळीचा वेग : रायफल झाडली असता गोळी पुढे जाते व रायफल मागे येते. रायफलीच्या या मागे येण्यास प्रत्याघात म्हणतात. गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडताना तिचा जो वेग असतो त्याला मुखवेग असे नाव आहे. एकाच जातीची काडतुसे एकाच रायफलीतून झाडली, तरी प्रत्येक गोळीचा मुखवेग नेमका सारखा येत नाही. तो जितका सारखा येईल तितके दूरच्या लक्ष्यावरील गोळ्यांचे उभे विखुरणे कमी होते. म्हणूनच नेमबाज व काडतुसे तयार करणारे दोघेही वेगाच्या सातत्याला फार महत्त्व देतात. रायफल खांद्याशी घट्ट धरली तर गोळीला अधिक वेग मिळतो आणि सैल धरली तर काही वेग ‘प्रत्याघातात वाया जातो’, सबब वेगातील चढउतारांचे मूळ पकडीतील चढउतारांत आहे, अशी समजूत नेमबाजांत बरीच रूढ आहे. तीत तत्त्वतः सत्याचा अंश आहे. त्याचे परिमाण मात्र इतके अल्प आहे की, खांद्यावरून झाडावयाच्या रायफलीत त्याचा विचार करण्याचे कारण उरत नाही. पकडीचा खरा परिणाम गोळीच्या वेगावर होत नसून तिच्या दिशेवर होतो.

नळीतील घटनाक्रम : चाप ओढल्यावर आघातक पिन काडतुसाच्या बुडातील टोपीवर आदळते, टोपीतील ज्वालाग्राही मिश्रण पेटते व त्याची ज्वाला दारूत शिरते. धूमरहित दारू जळू लागताच वायूचा दाब झपाट्याने वाढतो. ७·६२ मिमी. व्यासाच्या लष्करी काडतुसात तो चौरस मिमी.ला सुमारे ३५० न्यूटनपर्यंत चढतो. गोळीच्या बुडावर त्या क्षणी सुमारे १६,००० न्यूटन, म्हणजे दीड टनाहून अधिक वजनाइतका, रेटा असतो. तेवढाच रेटा उलट दिशेने काडतुसाच्या बुडामार्फत रायफलीवर पडतो. गोळी नळीतील सुमारे ६० सेंमी.चा मार्ग एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहून किंचित अधिक काळात, साधारणपणे १·२ मिलिसेकंदात, आक्रमिते. बाह्य संवेदना जाणवून स्नायूंनी प्रतिसाद देण्यास माणसाला दीडशे ते दोनशे मिलिसेकंद लागतात. खांद्याला धक्का जाणवतो तेव्हा गोळी नळीतून केव्हाच बाहेर पडून शंभराहून अधिक मीटर दूर गेलेली असते. झाडतेवेळी आपण रायफल आवळून धरली, असे नेमबाज सांगतो ते प्रामाणिक असले, तरी ते आवळणे झाडण्यापूर्वीचे किंवा नंतरचे असते. प्रत्यक्ष झाडण्याच्या काळात त्याला करण्यासारखे काही नसते.

प्रत्याघाताचे गणित : संवेगाच्या अक्षय्यतेच्या नियमानुसार गोळी व वायू यांना पुढे जो संवेग मिळतो, तेवढाच रायफलीला मागे मिळतो. उदाहरणार्थ, ९·५ ग्रॅ. वजनाची गोळी, ३ ग्रॅ. दारू, ८४० मी./से. मुखवेग आणि ४·५ किग्रॅ. वजनाची रायफल घेऊ. गोळी तोंडाशी येईपर्यंत दारूपासून झालेला वायू सरासरीने गोळीच्या निम्म्या वेगाने पुढे गेलेला असतो. म्हणून गोळीच्या वजनात दारूचे निम्मे वजन मिळवावे लागते. या हिशेबाने गोळी बाहेर पडतेवेळी मोकळ्या रायफलीचा मागे येण्याचा वेग सुमारे २ मी./से. भरतो व तोवर ती जेमतेम दीड मिमी. मागे सरकलेली असते. गोळी गेल्यावर मागोमाग सुटणाऱ्या वायूच्या झोतामुळे हा वेग आणखी वाढून सुमारे २·६ मी./से. होतो. खांद्याला बसणाऱ्या धक्क्याचा हा उत्तरार्ध गोळीच्या दृष्टीने निरर्थक आहे, कारण गोळीचा व रायफलीचा संबंध तेव्हा संपलेला असतो. धक्का किती जोराचा बसला यावरून गोळीच्या वेगाविषयी काढलेले अनुमान फसते, त्याचे हे एक कारण होय.

आता ऊर्जेचा विचार करू. गोळीची गतिज ऊर्जा सुमारे ३,३५० जूल असते. त्याच क्षणी रायफलीची गतिज ऊर्जा ९ ते १० जूल असते. रायफल एखाद्या पर्वताला जखडली आणि ती यत्किंचितही हलली नाही असे मानले, तर हे ९–१० जूल गोळी व वायू यांच्या वाट्याला जातील. ऊर्जेतील ही भर शेकडा पाव भागाच्या आसपास आहे. वेग ऊर्जेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून वेगातील भर तिच्या निम्मी होते. गोळी व निम्मी दारू यांच्या एकत्रित द्रव्यमानाला रायफलीच्या दुप्पट द्रव्यमानाने भागून मुखवेगाने गुणले असता हे उत्तर थेट मिळते : ११ ग्रॅ. भागिले ९,००० ग्रॅ., गुणिले ८४०, म्हणजे सुमारे १ मी./से. तेव्हा पूर्णपणे जखडलेली रायफल व दोरीने अधांतरी टांगलेली रायफल या दोन टोकांमधील फरक एवढाच आहे. माणसाच्या पकडीला या १ मी./से.च्या आतच खेळावे लागते.

पण माणसाचा खांदा पर्वतासारखा वागत नाही. खांद्यावरील कातडी, चरबी व स्नायू मऊ असतात आणि दीड मिमी. दबण्याने त्यांच्याकडून मिळणारा विरोध फार थोडा असतो. नेमबाजाने रायफल ५० न्यूटन बलाने, म्हणजे सुमारे पाच किग्रॅ. वजनाइतक्या ओढीने, खांद्याशी दाबून धरली आहे असे मानले, तर १·२ मिलिसेकंदात या बलाचा एकूण आवेग ०·०६ न्यूटन-सेकंद होतो. त्याच काळात वायूने रायफलीला दिलेला आवेग नऊ न्यूटन-सेकंदांहून अधिक असतो. खांद्याचा वाटा त्याच्या शेकडा एक भागाइतकाही नाही. त्यातही खांदा दाबला जाताना काही ऊर्जा स्वतःच गिळतो. हिशेब पुरा केला असता सैल व घट्ट पकडीमुळे गोळीच्या मुखवेगात पडणारा फरक सेकंदाला एका सेंटिमीटरच्या आतबाहेर राहतो. नेमबाज स्थूल असो की कृश, रायफलीमागे त्याच्या देहाचे सारे वजन असो वा नसो, उत्तरात फारसा पालट होत नाही. इतक्या अल्प काळात त्याचा देह रायफलीशी एकजीव होऊन तिचे द्रव्यमान वाढवू शकत नाही.

ऐतिहासिक आढावा : हा प्रश्न रायफलीहून जुना आहे. इंग्लंडमधील गणितज्ञ बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गोळीचा वेग मोजण्यासाठी प्रक्षेपमापी लंबकाचे वर्णन केले. टांगलेल्या जड ठोकळ्यात गोळी घुसली की तो किती मागे झुलतो, यावरून गोळीचा वेग काढता येई. काउंट रम्फर्ड या नावाने पुढे प्रसिद्ध झालेले बेंजामिन टॉम्पसन यांनी १७८१ मधील आपल्या निबंधात बंदुकीची नळीच टांगून तिच्या प्रत्याघातावरून वेग काढण्याचा मार्ग अनुसरला. त्यानंतर चार्ल्स हटन यांनी वुलिच येथे तोफांवर विस्तृत प्रयोग केले. तोफेचे वजन वाढवून तिचा प्रत्याघात कमी केला असता गोळ्याचा वेग वाढतो का, हेही त्यांनी तपासले. तोफेचे वजन बदलल्याने गोळ्याच्या वेगात वा पल्ल्यात फरक पडत नाही, असा निष्कर्ष त्यांनी दिला. हटन यांच्या साधनांची अचूकता पाहता त्यांना फरक ‘आढळला नाही’ एवढेच म्हणणे योग्य ठरेल. सैद्धांतिक फरक शून्य नाही, पण तो लंबकाने पकडता येण्यापलीकडचा होता. तरीही व्यवहाराच्या दृष्टीने त्यांचे उत्तर बरोबर होते व दोनशे वर्षांनंतरही ते तसेच आहे. एवढ्या जुन्या व स्वच्छ प्रयोगानंतरही मूळ समजूत का टिकून राहिली, हे समजण्यासाठी वेगातील खऱ्या चढउतारांकडे व मापनातील गफलतींकडे पाहावे लागते.

वेगातील चढउतारांची खरी कारणे : लष्करी काडतुसांच्या मुखवेगाचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या पांगापांगीचे संख्याशास्त्रीय माप) साधारणपणे ५ ते १० मी./से. असते. स्पर्धेसाठी काळजीपूर्वक भरलेल्या काडतुसांत ते ३ मी./से.पर्यंत खाली येते. याचे बहुतेक सर्व उगम काडतुसात व नळीत असतात. वर घेतलेल्या उदाहरणात दारूच्या वजनात ०·०१ ग्रॅ. फरक पडला, तर मुखवेग सुमारे २ मी./से.ने बदलतो. म्हणजे जखडलेली व मोकळी रायफल यांतील सगळा फरक पाच मिलिग्रॅम दारूच्या, जाड दाण्याच्या दारूत चार-पाच दाण्यांच्या, बरोबरीचा झाला. याशिवाय काडतुसाच्या पुंगळीतील मोकळी जागा, तिच्या मानेची गोळीवरील पकड, टोपीच्या ज्वालेची तीव्रता, गोळीच्या व्यासातील सूक्ष्म फरक, नळीत साचलेला मळ आणि तेल लावलेल्या थंड नळीतून झाडलेली पहिली फैर, या सर्वांचा हातभार लागतो.

यांपैकी दोन कारणांचा स्वतंत्र निर्देश करणे अवश्य आहे, कारण पकडीवर येणारा आळ बहुधा त्यांचा असतो. पहिले कारण दारूचे स्थान हे होय. पुंगळी दारूने पूर्ण भरलेली नसेल, तर रायफलीचे तोंड खाली असताना दारू गोळीकडे सरकते व तोंड वर असताना टोपीकडे जमते. टोपीची ज्वाला दारूच्या ढिगाऱ्यावर पडते की रिकाम्या जागेतून जाते, यानुसार ज्वलनाची सुरुवात बदलते. भरगच्च भरलेल्या रायफलीच्या काडतुसात हा परिणाम थोडा असतो. पण पिस्तुलाच्या जुन्या, मोठ्या पुंगळीच्या काडतुसांत व कमी दारू भरलेल्या सरावाच्या काडतुसांत तो दहा-वीस मी./से. किंवा त्याहूनही अधिक होतो. एक नेमबाज रायफल जमिनीकडून वर उचलून नेम धरतो, दुसरा ती आकाशाकडून खाली आणतो आणि दोघांच्या वेगात फरक दिसला की त्याचे श्रेय त्यांच्या खांद्यांना दिले जाते. वस्तुतः फरक उचलण्याच्या रीतीत असतो. प्रमाणित चाचणी-पद्धतींत प्रत्येक फैरीपूर्वी दारू ठरावीक बाजूस आणून ठेवण्याची दक्षता घेतात ती याचसाठी.

दुसरे कारण उष्णता. दारू गरम असेल तर ती अधिक त्वरेने जळते. दारूच्या जातीनुसार दर अंश सेल्सियसला मुखवेग अर्ध्या ते एक मी./से.ने वाढू शकतो. लागोपाठच्या फैरींनी नळी तापलेली असताना एखादा नेमबाज काडतूस आत सारून पकड जुळविण्यात, पट्टा आवळण्यात अर्धा मिनिट घालवितो. तेवढ्यात काडतूस तापते व वेग चढतो. झटपट झाडणाऱ्याच्या बाबतीत हे घडत नाही. म्हणजे काळजीपूर्वक घेतलेल्या पकडीबरोबर वेग वाढलेला दिसतो खरा, परंतु त्याचे कारण पकडीत गेलेला वेळ हे असते.

मापनातील गफलती : वेगमापनासाठी १८६० च्या दशकात बेल्जियमचे ल बूलांझे यांनी तयार केलेले विद्युत् कालमापक दीर्घकाळ वापरात होते. विसाव्या शतकात प्रकाशसंवेदी पडदे व इलेक्ट्रॉनिक गणित्र आले आणि २०१० नंतर डॉप्लर तत्त्वावर चालणारी लहान रडार यंत्रे सर्वसामान्य नेमबाजाच्याही आवाक्यात आली. प्रत्येक साधनाला स्वतःचे दोष असतात. प्रकाशसंवेदी पडदे नळीच्या तोंडाच्या फार जवळ ठेवल्यास गोळीपूर्वी पोहोचणारा वायूचा झोत त्यांना चाळवितो. गोळी पडद्यांतून तिरकी गेल्यास तिचा मार्ग लांबतो व वेग कमी भासतो. नळीलाच बांधावयाचे चुंबकीय संवेदक रायफलीबरोबर मागे येत असतात, त्यामुळे ते जमिनीच्या संदर्भात नव्हे तर रायफलीच्या संदर्भात वेग मोजतात व वाचन २ ते २·५ मी./से.ने जास्त दाखवितात. ही चूक दर फैरीला जवळजवळ सारखीच असल्याने सातत्याच्या अभ्यासात ती आड येत नाही. पण नळीच्या टोकाशी बांधलेल्या वजनामुळे गोळ्या लक्ष्यावर भलतीकडे पडतात, हा वेगळाच उपद्रव होतो.

सर्वांत मोठी गफलत मात्र यंत्राची नसून मोजणाऱ्याची असते. पाच फैरी घट्ट पकडीने व पाच सैल पकडीने झाडून दोन सरासऱ्यांची तुलना करणे, हा नेहमीचा प्रघात आहे. प्रमाण विचलनाचे खरे मूल्य पाच वाचनांवरून काढलेल्या मूल्याच्या ०·६ पटीपासून जवळजवळ २·९ पटीपर्यंत कोठेही असू शकते. तेव्हा एका संचात ते ४ मी./से. व दुसऱ्यात ९ मी./से. आले, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. मूळ विचलन ६ मी./से. असताना दोन पकडींच्या सरासरींतील १ मी./से.चा फरक बऱ्यापैकी खात्रीने ओळखण्यासाठी प्रत्येक पकडीने साडेपाचशेहून अधिक फैरी झाडाव्या लागतील. प्रत्यक्षात अपेक्षित फरक १ सेंमी./से. एवढाच आहे. तो ओळखण्यासाठी लागणाऱ्या फैरींची संख्या आणखी दहा हजार पटींनी वाढून छपन्न लाखांच्या घरात जाते. इतक्या फैरींत शेकडो नळ्या झिजून निकामी होतील. प्रयोगाने हा परिणाम ‘आढळला’ असे कोणी सांगितले, तर त्याला दुसरेच काही आढळले आहे असे समजावे.

पकडीचा खरा परिणाम : गोळी नळीत असताना रायफल केवळ सरळ मागे येत नाही. नळीचा अक्ष दस्त्याच्या खांद्यावरील टेकूपेक्षा व रायफलीच्या गुरुत्वमध्यापेक्षा सामान्यतः वर असतो. त्यामुळे प्रत्याघाताचे बल रायफलीला फिरवू पाहते व तोंड वर उसळते. त्याच वेळी नळी छडीप्रमाणे कंप पावू लागते. गोळी बाहेर पडते त्या क्षणी नळीचे तोंड कोठे रोखलेले आहे व ते कोणत्या दिशेने हलत आहे, यावर गोळीची दिशा ठरते. पकड, गालाचा दाब, पट्ट्याचा ताण, दस्ता खांद्यात किती वर किंवा खाली बसला आहे, नळीखालील आधार मऊ आहे की कठीण, या सर्व गोष्टींनी हा कोन बदलतो. हा बदल अंशाच्या साठाव्या भागाइतका, म्हणजे एक कोनीय मिनिट, असला तरी १०० मी. अंतरावर गोळी सुमारे ३ सेंमी. हलते. एवढे विचलन केवळ वेग बदलून १०० मी.वर आणावयाचे तर मुखवेगात शंभर मी./से.हून अधिक फरक पडावा लागेल. नेमबाजाच्या हातून होणाऱ्या चुकांचा हिशेब कोनात करावा, वेगात करू नये, हे यावरून स्पष्ट व्हावे. प्रत्याघाताच्या धास्तीने चाप ओढताना अंग आक्रसून घेण्याची खोड याच सदरात मोडते. ती झाडण्यापूर्वीच नेम बिघडविते.

वेग व दिशा यांची सांगड घालणारी एक चमत्कारिक घटना येथे नमूद केली पाहिजे. ए. मॅलॉक यांनी १९०१ मध्ये रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात रायफलीच्या नळीच्या कंपनांवर निबंध प्रसिद्ध केला. मंद गोळी नळीतून किंचित उशिरा बाहेर पडते. त्या वेळी तोंड वर जात असेल, तर मंद गोळीला वेगवान गोळीपेक्षा थोडा अधिक उंच कोन मिळतो. दूर अंतरावर मंद गोळी अधिक खाली येते, पण तिची सुरुवातच उंच झाल्याने दोन्ही गोळ्या एका विशिष्ट पल्ल्यावर जवळजवळ एकाच उंचीवर पडतात. या प्रतिपूर्तीचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ·३०३ इंच व्यासाची ली-एनफील्ड रायफल. तिच्या खटक्याची अडसरे मागील टोकास असल्याने झाडतेवेळी तिचा सांगाडा उभ्या प्रतलात वाकतो व तोंडाच्या हालचालीला हवी ती दिशा मिळते. जवळच्या पल्ल्यावर सामान्य वाटणारी ही रायफल ८००–९०० मी.च्या पल्ल्यावर अपेक्षेपेक्षा चांगली ठरे, असा लौकिक तिला मिळाला. भारतात ती बंगालमधील ईशापूर येथील कारखान्यात तयार होत असे आणि लष्करानंतर पोलिस दलांत तिचा वापर दीर्घकाळ चालू होता. पकड बदलल्यास तोंडाची ही हालचाल बदलते व प्रतिपूर्तीचा पल्ला मागेपुढे सरकतो. अशा रायफलीवर सैल पकडीने उभे विखुरणे वाढलेले दिसले, तर वेग पूर्वीइतकाच असमान असतो, फक्त ती असमानता झाकणारी सोय नाहीशी झालेली असते. मूळ समजुतीला सर्वांत बळकट आधार लक्ष्यावरील याच दृश्याने पुरविला असावा.

क्रीडा-नेमबाजी : ५० मी. रायफल स्पर्धेत ·२२ इंच व्यासाची, २·६ ग्रॅ. वजनाची शिशाची गोळी सुमारे ३२५–३३० मी./से. वेगाने झाडतात. रायफल सहा ते आठ किग्रॅ. वजनाची असते. येथे जखडलेली व मोकळी रायफल यांतील कमाल फरक १ मी./से.च्या चौदाव्या भागाइतका, ०·०७ मी./से., निघतो. त्याने ५० मी.वर गोळी एका मिमी.च्या विसाव्या भागाइतकी वर-खाली होईल. याउलट काडतुसांतील ३ मी./से. फरकाने ती दोन मिमी.हून थोडी अधिक हलते. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०·४ मिमी. असतो आणि अंतिम फेरीत गुणाच्या दशांशावर पदके ठरतात. त्यामुळे दोन मिमी. दुर्लक्षिण्याजोगे नाहीत, एक विसांश मिमी. मात्र आहेत. म्हणून उच्च दर्जाचे नेमबाज आपल्या रायफलीला मानवणारा काडतुसांचा उत्पादन-गट शोधण्यासाठी रायफल जखडून गटामागून गट तपासतात. तेथे मिळालेले वेगाचे वाचन खांद्यावरही लागू पडते. गोळ्या पडण्याची जागा मात्र लागू पडत नाही, ती पुन्हा खांद्यावरून जुळवून घ्यावी लागते.

ही गोष्ट तीन आसनांच्या स्पर्धेत ठळकपणे दिसते. गुडघा टेकून, पालथे पडून व उभ्याने अशा तीन आसनांत रायफलीमागील देहाची मांडणी अगदी वेगळी असते. पालथ्या आसनात पट्टा ताणलेला असतो व खांदा रायफलीच्या जवळजवळ मागे येतो. उभ्याने पट्टा वापरता येत नाही व रायफल प्रत्याघाताने मोकळेपणी झुलते. मुखवेग तिन्ही आसनांत एकच राहतो, तरीही आसनागणिक दर्शिका पुन्हा जुळवावी लागते. महाराष्ट्रातील कोल्हापूर जिल्ह्याने या प्रकारात नामांकित नेमबाज दिले आहेत. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्यूनिक येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ५० मी. पालथ्या आसनातील सुवर्णपदक मिळविले, तर स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. तीन आसनांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. या दर्जाच्या नेमबाजांचे पकडीच्या एकसारखेपणावर जे अपार कष्ट खर्च होतात ते योग्य जागीच होतात, कारण ते दिशेच्या सातत्यासाठी असतात.

अपवाद : वरील विवेचन गोळीचे द्रव्यमान रायफलीच्या मानाने नगण्य असते यावर आधारलेले आहे. हे प्रमाण बदलले की निष्कर्षही बदलतो. स्प्रिंगच्या दट्ट्यावर चालणाऱ्या हवाई रायफलीत छरा अर्धा ग्रॅम वजनाचा असतो, पण त्याला ढकलणारी हवा दाबण्यासाठी पाव किग्रॅ.च्या आसपास वजनाचा दट्ट्या वेगाने पुढे जातो. रायफलीच्या वजनाशी त्याचे प्रमाण पंधरा-वीसात एक इतके मोठे आहे. शिवाय दट्ट्या सुटल्यापासून छरा बाहेर पडेपर्यंतचा काळ बंदुकीच्या मानाने कितीतरी दीर्घ असतो आणि छरा नळीत असतानाच रायफल आधी मागे व मग दट्ट्या अडल्यावर पुढे अशी हेलकावते. येथे पकडीचा परिणाम वेगावर मोजण्याजोगा होऊ शकतो व दिशेवर तर तो फारच होतो. अशी रायफल आवळून न धरता हातावर नुसती टेकवून झाडण्याचा सल्ला देतात तो याचमुळे. १९६० च्या दशकात जर्मनीत सांगाड्यावर मागे सरकणारी नळी-यंत्रणा स्पर्धेच्या हवाई रायफलींना बसविण्यात आली. पुढे संपीडित हवेच्या नळकांड्यावर चालणाऱ्या रायफली आल्या व स्पर्धांपुरता हा प्रश्न मिटला.

तोफेत गोळा व मागे येणारी नळी यांच्या द्रव्यमानांचे प्रमाण रायफलीपेक्षा मोठे असते. १८९७ सालच्या फ्रेंच ७५ मिमी. तोफेची नळी झाडल्यावर सुमारे १·२ मी. मागे येई, परंतु गोळा तोंडाबाहेर पडेपर्यंत ती काही सेंमी.च सरकलेली असे. वेगातील घट येथे शेकडा एक भागाच्या जवळपास जाते. ती दर फैरीला सारखीच असल्याने पल्ल्याच्या कोष्टकांत तिचा समावेश आपोआप होतो. प्रत्याघाताने चालणाऱ्या स्वयंभरित पिस्तुलात मनगट ढिले धरल्यास पुढचे काडतूस नीट चढत नाही, हा दोष सर्वश्रुत आहे. तो पिस्तुलाच्या मागील चालीचा दोष आहे. अडसर सुटण्यापूर्वीच गोळी गेलेली असल्याने तिच्या वेगाला त्याची बाधा होत नाही.

काडतुसांची तपासणी : कारखान्यातील काडतुसांच्या तपासणीत मजबूत बैठकीवर घट्ट बसविलेली जाड चाचणी-नळी वापरतात. पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखाना (स्थापना १८६९) व जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथील कारखाना ही लहान शस्त्रांच्या काडतुसांची महाराष्ट्रातील दोन प्रमुख उत्पादनकेंद्रे आहेत. २०२१ पासून दोन्ही म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या शासकीय कंपनीकडे आहेत. अशा ठिकाणी काडतुसांच्या एका उत्पादन-गटातून नमुना घेऊन त्यांचा सरासरी वेग व विचलन मोजतात आणि त्यावरून तो सबंध गट स्वीकारावयाचा की नाकारावयाचा हे ठरते. पकडीने वेगात लक्षणीय फरक पडत असता, तर जखडलेल्या नळीवरील आकड्यांचा सैनिकाच्या खांद्यावरील रायफलीशी काही संबंध उरला नसता. नमुन्यातील काडतुसे झाडण्यापूर्वी ठरावीक तपमानाला ठेवण्याचा नियम चाचणी-पद्धतींत असतो. ती कोणत्या पकडीने झाडावीत याबद्दल नियम करण्याची गरज पडत नाही. [⟶ काडतूस, बंदूक, रायफल].